पाणवठा क्रमांक चारचा कॅमेरा

"पाटी सरळ धरा, मॅडम. तिरपी दिसली तर साहेब म्हणतील, तुळशीरामानं अख्खी बीट तिरपी करून ठेवली."

मी पाटी सरळ केली. पहिलीतल्या मुलीसारखी ती छातीशी धरून मी पाणवठ्याच्या काठावर उभी होते. पाटीवर खडूने लिहिलं होतं: आंबेनाला बीट, पाणवठा क्र. ४, २० मार्च, स. ६.२०. समोर ऐनाच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधलेला. त्याचा तांबडा दिवा लुकलुकला आणि माझा फोटो निघाला.

"निघाला," तुळशीराम म्हणाला. "वाघिणीच्या आधी मॅडमचा."

"घरी सांगू का तुमच्या, मला वाघिणीच्या रांगेत बसवता म्हणून?"

"सांगा ना. घरची वाघीण येगळीच हाय. तिले कॅमेरा नाई लागत, आवाजावरूनच समजते."

तुळशीराम नागोसे आमच्या बीटचा वनमजूर. मला नोकरीत दोन वर्षं होत आली होती, त्याला बावीस झाली होती. मी वनरक्षक, म्हणजे कागदावर त्याची वरिष्ठ. पायवाटेवर मात्र तो पुढे आणि मी मागे.

जंगल कागदावर उतरवायचं तर त्याचे तुकडे पाडावे लागतात. सगळ्यात लहान तुकडा म्हणजे बीट, ती एका वनरक्षकाची. चार-पाच बीट मिळून एक राउंड, तो वनपालाचा. राउंड मिळून रेंज, ती वनक्षेत्रपाल साहेबांची. त्यांच्यावर आणखी साहेब, त्यांच्यावर आणखी. सगळा कारभार खालून वर जाणाऱ्या कागदांचा, आणि त्या कागदांची पहिली ओळ आमच्या पायांनी लिहिलेली. रोज बारा-चौदा किलोमीटर चालायचं, संध्याकाळी चौकीत दैनंदिनी लिहायची, आणि सोमवारी रेंजच्या पडवीत सगळ्यांसमोर ती वाचून दाखवायची. कुठे विष्ठा दिसली, कुठे झाड ओरबाडलेलं, कोणता पाणवठा आटला.

कॅमेऱ्याची रीतही ठरलेली. सेल बदलले की त्याचं घड्याळ पुसलं जातं, ते नव्याने लावायचं, आणि पहिला फोटो आपलाच काढायचा, पाटीसकट. कार्ड उघडणाऱ्याला कळावं की हा कॅमेरा कुठला, कधीचा, कोणी लावलेला. कॅमेरे असतात जोडीने, समोरासमोर, कारण वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे उजव्यासारखे नसतात. इथला दुसरा कॅमेरा आदल्या आठवड्यात अस्वलाने फोडला होता. झाडाला नुसता पट्टा लोंबत होता.

त्या सकाळी मी घड्याळ लावत असताना पलीकडच्या बांबूत चितळ ओरडलं. धोक्याचं ओरडणं. माझी बोटं बटणांवर होती आणि कान बांबूकडे.

"काजळी आली वाटतं," मी म्हटलं.

"या वक्ती? ती उन्हं कलल्यावर येते, तुमीच तं गानं जोडलं."

गाणं जोडलं होतं खरं. आईच्या जात्याशी बसून ओव्या ऐकत मी मोठी झाले, त्यामुळे चालताना पावलांना आपोआप शब्द लागायचे.

उन्हं कलताना बाई, काजळी पाण्याला येते,
माझ्या बीटचं अंगण दोन पावलांत मापते.

काजळी म्हणजे आंबेनाल्याची म्हातारी वाघीण. सरकारी कागदात तिला नंबर होता, पण डोळ्यांखाली काजळ फिसकटल्यासारखे काळे पट्टे, म्हणून सगळे काजळीच म्हणत. वरचा डावा सुळा तुटलेला. चार वेळा पिल्लं वाढवून तिने जंगलाला दिली होती. नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी मी वाट चुकून नाल्यात उतरले, तर ती वाळूवर पडलेली. तिने मान उचलली, मला पाहिलं, आणि मान परत खाली ठेवली. तेव्हापासून बीट माझी आहे असं मला वाटत होतं. कुणीतरी राहायला सांगितल्यासारखं.

त्या दिवशी ती आली नाही. आम्ही पुढच्या पाणवठ्याकडे निघालो.

सातव्या दिवशी, २७ मार्चच्या सकाळी, सावरबोडीची भागरथा गेडाम गेली.

सावरबोडी माझ्याच बीटच्या पूर्वेच्या टोकाला, पाणवठा चारपासून अकरा किलोमीटर. मोहाचे दिवस होते. बाया पहाटे पाचला निघायच्या, झाडाखाली पडलेली फुलं उजाडता उजाडता वेचायच्या. वेचणारी बाई वाकलेली असते. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

आम्ही पोहोचलो तेव्हा तिच्या टोपलीत अर्ध्यापर्यंत फुलं होती. तिची धाकटी जाऊ सायत्रा झाडाला टेकून बसली होती. बोरकुटेभाऊ, आमच्या राउंडचे वनपाल, पंचनामा लिहीत होते. त्यांनी विचारलं, "किती वाजले असतील?"

"साडेसहा. ऊन झाडावर आलं होतं, खाली नवतं आलं."

"तुम्ही किती दूर होत्या?"

"हे एवढी." तिने वीसेक पावलांवरचं झाड दाखवलं. "मी आवाज देल्ली, तिनं हं म्हटलं. दुसऱ्यांदी देल्ली, तं काईच नाई."

"वाघ दिसला?"

"पाठ दिसली. पिवळी."

ती आणखी काही सांगेल असं वाटलं, पण तिने पदर तोंडाला लावला.

खाली सगळा वाळका पाला. पावलाचा ठसा मिळायला ओली माती लागते, ती नव्हती. त्या भागात दोनच वाघ फिरत होते, एक काजळी आणि दुसरा एक तीन वर्षांचा नर, नुकताच कुठूनतरी येऊन जागा शोधत असलेला. पंधरा दिवसांत त्याने सावरबोडीची दोन वासरं मारली होती.

सोमवारी रेंजच्या पडवीत दैनंदिन्या कुणी वाचल्या नाहीत. पिंपळकर साहेबांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. कार्डांमधले वाघांचे फोटो संगणकावर बसणाऱ्या ठेंगणेताईंनी वेगळे काढून ठेवले होते. नेहमीची पद्धत तीच. हजारो फोटोंतून वाघाचे तेवढे काढायचे, बाकीचं कार्ड जसंच्या तसं एका फोल्डरमध्ये टाकून द्यायचं.

पडद्यावर काजळी होती. पाण्याला तोंड लावलेली, पाठीवर तिरपं सोनेरी ऊन. खाली छापलं होतं: २७ मार्च, ०६:१२ एएम.

"पाणवठा चार," साहेब म्हणाले. "सव्वासहाला ही इथं पाणी पिते आहे. साडेसहाला अकरा किलोमीटरवर बाई जाते. म्हणजे ही नव्हे."

मी मांडीवरची दैनंदिनी मिटली.

मागून तुळशीराम हळूच पुटपुटला, "ही सकाळची कवापासून पानी प्याले लागली?"

"उन्हाळा लागलाय," मी म्हटलं. "दोनदा येत असेल."

 मी पुढे विचार केला नाही. करायचा नव्हता.

अहवाल वर गेला. नर वाघाला पकडायची परवानगी खाली आली. रविवारी, ५ एप्रिलला सकाळी त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातलं. साहेब तसेच सावरबोडीला गेले आणि गावकऱ्यांना सांगून आले की वाघ धरला, उद्यापासून बायांनी मोहाला जायला हरकत नाही, गटाने जा. नऊ दिवस मोह झाडाखाली सडत होता. गावाने टोपल्या धुवून उन्हात घातल्या.

दुपारी मी रेंज ऑफिसात होते. आवारात सावलीला पिंजरा ठेवला होता, ताडपत्रीने झाकलेला. आत तो वाघ मधूनच लोखंडावर अंग घासायचा आणि सगळं आवार गप्प व्हायचं. शहराकडून गाडी यायची होती. रविवार असल्याने ठेंगणेताई आल्या नव्हत्या, संगणक रिकामा होता. मला काजळीला पाहायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. जिचा आळ गेला, तिला एकदा डोळे भरून पाहावं, एवढंच.

मी पाणवठा चारचं पूर्ण फोल्डर उघडलं, कारण वाघाच्या फोल्डरात तिचे तीनच फोटो होते आणि मला वाटलं, एखादा अर्धामुर्धा राहून गेला असेल. शेपटी, कान, काहीतरी.

रानडुकरं होती. मोर होता. मग माकडं आली. वीस-पंचवीस माकडं पाण्यावर ओणवी, पिल्लं पोटाला बिलगलेली. वर लख्ख ऊन, सावल्या पायाखाली गोळा झालेल्या. खाली छापलेली वेळ: ०१:१० एएम.

मी ते तीनदा वाचलं. माकडं रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पाणी प्यायला आली होती, भर उन्हात.

पुढचा फोटो. काळाकुट्ट अंधार, सायाळ. दुपारी दोन.

मी पहिल्या फोटोवर गेले. मीच होते. पाटी सरळ धरलेली, नजर बांबूकडे. पाटीवर माझ्याच अक्षरात स. ६.२०. खाली छापलेलं: ०६:२० पीएम.

सकाळची संध्याकाळ मी करून ठेवली होती. घड्याळ बारा तास पुढे चालत होतं. म्हणजे काजळी २७च्या सकाळी पाण्यावर नव्हतीच. ती आली होती २६च्या संध्याकाळी, उन्हं कलताना. आणि त्यानंतर सावरबोडीला पोहोचायला तिच्याकडे अख्खी रात्र होती.

"काय पाहून राहिल्या?" दारात बोरकुटेभाऊ होते, हातात जेवणाचा डबा.

मी खुर्ची बाजूला सरकवली. त्यांनी वाकून पाहिलं. माकडं पाहिली, मग मला पाहिलं, पाटीसकट. डबा टेबलावर ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"कोणाले सांगितलं?"

"आत्ताच बघितलं."

"मंग कोणीच नाई बघितलं." ते खुर्ची ओढून बसले. "आयका. तुमचा परिविक्षा काळ संपाले, नोकरी पक्की व्हाले, तीन महिने राहिले. अहवाल पार वरपर्यंत गेला. त्याच्यावर साहेबाची सही, त्याच्यावर मोठ्या साहेबाची. आता हे काढलं तं पयली मान तुमची, दुसरी माझी. पिंजऱ्यातला वाघ बोलाले येत नाई. माकडंही येत नाई."

"काजळी तिथेच असेल, भाऊ."

"असंल. म्हातारी हाय. शिकार जमत नसंल तिले. बाया गटानं जातील, आवाज करतील, ती सरकंल आत."

"आणि उद्या सकाळी?"

ते डब्याच्या कडीशी खेळत राहिले. बाहेर पिंजरा वाजला.

"तुम्हाला तं ती जीव की प्राण," ते म्हणाले. "गप्प राह्यलं तं ती जंगलात, तुमी नोकरीत. बोललं तं ती पिंजऱ्यात, आन तुमचं काय ते देवाले माहीत. दोनी बाजूनं तुमचंच नुकसान होऊन राहिलं."

"उद्या पाचला बाया निघतात, भाऊ."

 मग त्यांनी डबा उचलला आणि काखेत मारला.

"मले दोन पोरी हायेत," ते म्हणाले. "मोह वेचाले जात नाईत त्या, कॉलेजात जातात. म्हनून मी इथं बसून एवढं शानपन सांगून राहिलो. चला. साहेब जेवून राहिले, पन चला."

पिंपळकर साहेब कमी बोलणारे. त्यांनी भाताचा हात धुतला, संगणकाशी आले, माकडं पाहिली, पाटी पाहिली. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. सकाळीच ते गावाला शब्द देऊन आले होते.

"घड्याळ तुम्हीच लावलं?"

"हो सर."

"बाकीचे कॅमेरे?"

"त्यांचे पाटीचे फोटो आत्ता पाहिले. सहाच्या सहा बरोबर आहेत. हा एकच."

"कसं झालं?"

"चितळ ओरडलं. मला वाटलं ती आली. मी तिकडे बघत होते."

साहेबांनी मान हलवली. रागाने नाही, नोंद केल्यासारखी. "लिहून द्या. आत्ता, तुमच्या हाताने, हेच आणि एवढंच." मग फोन हातात घेत म्हणाले, "वर मी सांगतो. खाली तुम्ही सांगा."

"सर, गावात बोरकुटेभाऊ जातील तर बरं. त्यांचं ऐकतात."

"फोटोत कोण आहे, नन्नावरे?"

"मी."

"मग तुम्हीच."

पाच वाजता आम्ही सावरबोडीला पोहोचलो. समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बाया जमल्या, पुरुष मागे उभे. मी सकाळी गटाने जायच्या सूचना पाठ केल्या होत्या, त्यातलं काहीच आता उपयोगाचं नव्हतं. मी खिशातला मोबाइल काढला, घड्याळ बारा तास पुढे केलं आणि त्यांना दाखवलं. बघा, आत्ता संध्याकाळचे पाच वाजलेत, आणि हे म्हणतंय पहाटेचे पाच. असं घड्याळ मी कॅमेऱ्याला लावलं. त्यामुळे वाघीण होती संध्याकाळी आणि आम्हाला वाटलं सकाळी. आम्ही धरलेला वाघ तो नसेल. तुम्ही उद्या जाऊ नका.

मागून एक म्हातारा म्हणाला, "सरकारचं घड्याळ कवापासून पुढं चालाले लागलं?"

काही जण हसले. मलाही हसू आलं असतं, पण सायत्रा समोर बसली होती आणि हसत नव्हती.

"म्हंजे जिनं भागरथेले नेलं," ती म्हणाली, "ते तिथंच हाय."

"असेल. हो."

"आन साहेब सकाळी सांगून गेले, जा."

"माझ्यामुळे. त्यांना मी चुकीचं दिलं."

"आन आमी उद्या गेलो असतो."

"हो."

"तुमी नसतं सांगितलं तं?"

"तर गेल्या असता."

 सायत्रा उठली. उंच बाई, आवाज मात्र बारीक. "तुळशीराम सांगत होता, तुमी तिच्यावर गानं जोडलं म्हनून. आवडते ना ते तुमाले?"

तुळशीराम जमिनीकडे पाहू लागला.

"आवडते," मी म्हटलं.

"मंग आता काय करान तिचं?"

"तीच आहे असं पक्कं झालं तर धरतील. पुन्हा जंगलात सोडणार नाहीत."

"पक्कं कोन करनार?"

"बीट माझी आहे. मीच."

तिने माझ्याकडे पाहिलं.  मग वळून बायांना म्हणाली, "टोपल्या घरात ठेवा गं. आनखी चार दिस मोह मुंग्याले खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जीपने मोहाच्या राईकडे निघालो. साहेब, बोरकुटेभाऊ, तुळशीराम आणि मी. राईच्या अलीकडे इंजिन बंद केलं. फुलं गळत होती. त्या शांततेत त्यांचा आवाज येत होता, टप, टप, कुणी मोजून टाकत असल्यासारखा. जमीन फुलांनी पिवळी पडली होती आणि वासाने डोकं जड होत होतं.

उजाडू लागलं तशी ती दिसली. भागरथेच्या झाडापासून चाळीस पावलांवर, तेंदूच्या झुडपाआड. गावाकडून येणाऱ्या पायवाटेकडे तोंड करून ती बसली होती. पुढचे पाय जुळवलेले. बरगड्या मोजता येत होत्या. ती वाट पाहत होती.

पाच वाजून पन्नास मिनिटं. माझं मनगटावरचं घड्याळ मी दोनदा पाहिलं. त्या वेळी पायवाटेवर बारा बाया असत्या.

"डावी बाजू मिळाली," साहेब दुर्बिणीआडून पुटपुटले. "उजवी?"

काजळी उठली. आळस दिल्यासारखं पुढे ताणून तिने अंग वळवलं आणि आमच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काजळ, तुटलेला सुळा. उजव्या खांद्यावरची ती दोन तोंडांची रेघ, जी मला झोपेतही काढता आली असती.

"तीच आहे, सर," मी म्हटलं.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. ओळख पटली, असं छापील होतं. त्याखाली वनरक्षकाची सही, मग वनपालाची, मग वनक्षेत्रपालाची. माझी सही झाल्याशिवाय बाकीच्या होत नसतात. मी पेन घेतलं आणि पूर्ण नाव लिहिलं, चंद्रकला नन्नावरे.  

तुळशीराम पाठ फिरवून उभा होता. "माह्या डोळ्यात मोहाचा वास गेला," तो म्हणाला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पथकाने तिला भूल दिली. बेशुद्ध असताना मी तिच्या पंज्यावर हात ठेवला होता, तपासणीत मोजमाप धरायचं होतं म्हणून. तळवा खरखरीत आणि गरम होता, तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखा. पिंजऱ्याची गाडी गावाच्या कडेने गेली. तपासणीचे निकाल महिन्याभराने आले, त्यांनीही सांगितलं, भागरथेला नेणारी तीच. बचाव केंद्रात ती आणखी चार वर्षं जगली. तरुण नराला आम्ही त्याच आठवड्यात परत आंबेनाल्यात सोडलं. दार उघडल्यावर तो अर्धा तास बाहेरच आला नाही, आणि आला तो असा की पाचोळासुद्धा वाजला नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. परिविक्षा काळ वर्षाने वाढला. पुढच्या सोमवारी साहेबांनी पडवीत एकच वाक्य लिहून लावलं, वाघ शोधण्याआधी प्रत्येक कार्डातली पाटी पाहावी. आज मी वनपाल आहे, माझ्या हाताखाली पाच बीट आहेत, आणि माझ्या राउंडमध्ये पाटीनंतर माकडंही पाहतात. नवी पोरं हसतात. हसू दे.

पण मला सांगायची आहे ती काजळी गेल्यानंतरची सकाळ.

मी चौकीच्या ओट्यावर बूट घालत होते. अजून तांबडं फुटायचं होतं. पायवाटेने टोपल्या घेऊन बारा बाया आल्या, पुढे सायत्रा. मी उठले.

"चला," ती म्हणाली. "आता तं जाता येते ना?"

"येतं. मी बरोबर येते."

वाटेत एकीने गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं.

पहाटेच्या बाई पारी मोह गळे टपटपा,
वेचणाऱ्या सयांनो गं, मागंपुढं जपा जपा.

राईत पोहोचल्यावर बाया पांगल्या. मी काठी टेकून उभी राहिले, माझं कामच ते. सायत्रा माझ्याकडे आली. तिच्या हातात दोन टोपल्या होत्या.

"आमच्यात एक जन उभी राह्यते," ती हळू आवाजात म्हणाली. "बाकीच्या वाकतात. ज्या झाडाखाली वेचाचं तिथं एक उभी, सगळीकडं पाहत. त्या दिशी माही पाळी होती."

मी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"भागरथेनं म्हटलं, तू उभी राय, मी वेचतो. पन पलीकडच्या झाडाखाली फूल लय पडलं होतं, मले राहवलं नाई. मी गेली तिकडं आन वाकली. मी वाकली नसती तं ते मले दिसली असती. पंचनाम्यात मी हे नाई सांगितलं. घरी नाई सांगितलं. तिच्या मालकाले, भाऊजीले, नाई सांगितलं." तिने पदराने नाक पुसलं. "तुमी त्या पायऱ्यावर आमच्या गावापुढं उभ्या राहून सांगून राहिल्या होत्या ना, माह्याकडून झालं म्हनून. तवापासून हे तोंडावर येऊन राहिलं. काल रातच्याले भाऊजीले सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काईच नाई. ताटावरून उठले. मंग परत येऊन बसले, आन जेवले."

वरून फूल पडलं, तिच्या खांद्यावर. तिने ते झटकलं नाही. एक टोपली तिने माझ्या हातात दिली आणि माझी काठी घेतली.

"आज माही पाळी हाय," ती म्हणाली. "तुमी वेचा."

"अहो, ही माझी ड्यूटी..."

"वेचा म्हटलं ना. मी पाहून राहिली."

मी टोपली खाली ठेवली आणि वाकले. दवाने ओली, मऊ, बोटांना चिकटणारी फुलं. जंगलात दोन वर्षं चालले, पण जमिनीशी इतकं जवळ, पाठ उघडी टाकून, मी कधी आले नव्हते. मागे सायत्राची काठी अधूनमधून जमिनीवर वाजत होती, थोडी डावीकडे, मग उजवीकडे, मग परत माझ्या पाठीशी. टोपली भरेपर्यंत मी मान वर केली नाही.